चौदा नंबरचं वाक्य

कीघली, ३ मार्च २०२५

प्रिय ऑड्री आत्याआजी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईने माझा फोन पावाच्या डब्यात घालून डब्याला कुलूप लावलंय, परीक्षा संपेपर्यंत. आणि तुला फोनवर ऐकू येत नाही, कानाचं यंत्र तू लावत नाहीस. म्हणून पत्र.

मला तुझी मदत हवी आहे, आणि जरा घाईने. मेमध्ये आमची साहित्याची परीक्षा आहे. त्यात 'वाळूवरची घंटा' ही कादंबरिका आहे. दीडशे वर्षं जुनी, नव्वद पानांची. तू आमच्याच शाळेत सव्वीस वर्षं तीच शिकवलीस, असं बाबा म्हणाले. परीक्षेला पुस्तक आत नेता येत नाही, त्यामुळे वाक्यं पाठ करावी लागतात. ड्यूहर्स्ट सरांनी वीस वाक्यांचा एक कागद दिलाय. पिवळ्याने प्रतीकं रंगवायची, गुलाबीने उपमा, निळ्याने पुनरुक्ती, हिरव्याने निसर्ग आणि माणसाचं मन जिथे एकच होतं ते. माझा कागद आता पोपटासारखा दिसतो. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ए. बी.' असं आहे. ती तूच ना?

सराव परीक्षेत मला नऊपैकी चार मिळाले. सरांनी समासात एकच शब्द लिहिला, 'गोंधळ'. स्किप्टनच्या कॉलेजात इंग्रजी घ्यायचं तर सात हवेत. मला तेच करायचंय, आत्याआजी, दुसरं काहीच नाही. पण मला कळतच नाही माझं चुकतंय कुठे. वाक्यं तर सगळी येतात, झोपेतून उठवलंस तरी म्हणेन.

कागद आणि माझा निबंध सोबत जोडलाय. लाल पेनने काय ते कर, रडणार नाही.

तुझी,
टॅमसिन

*

अर्नसाइड, ८ मार्च

टॅमे,

निबंध वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझा चष्मा बदललाय.

अगं, मार्टिन तिसऱ्या प्रकरणात मेलाय! आणि तू त्याला आठव्यात चहाला बोलावलंस. 'त्याने दोन कप मांडले, आणि एकातच चहा ओतला', हे नववं वाक्य. तुझ्या मते मार्टिनला चहा आवडत नव्हता म्हणून त्याचा कप रिकामा. देवा रे! मार्टिन वाळूवर भरतीत बुडून पाच महिने झालेत, आणि भाऊ अजून त्याचा कप मांडतोय. रिकामा कप म्हणजे रिकामी जागा. कुठे 'तो फार दुःखी होता' असं लिहिलंय का? नाही. कप मांडला आणि तिथेच थांबली ती लेखिका. हेच तंत्र.

आणि 'विश्वासू जोनास दाराशी बसून होता' यावरून तू जोनासला कुत्रा केलंस. जोनास चर्चचा कारकून आहे. सगळी गोष्ट त्याच्याच नजरेतून दिसते. तू अडीच पानं एका कुत्र्याच्या निष्ठेवर लिहिली आहेस. मी हसले, खोटं कशाला बोलू. शेजारच्या डोरीनलाही वाचून दाखवलं.

आता खरं सांग. तू पुस्तक वाचलेलंच नाहीस ना? वीस वाक्यं पाठ केलीस आणि मधली गोष्ट स्वतःच रचलीस. तुझी गोष्ट तशी वाईट नाही, पण मार्क त्या दुसऱ्या बाईच्या गोष्टीला मिळतात.

तीन नंबरचं, 'धुकं पाहुण्यासारखं आलं नाही, घरमालकासारखं आलं', ते छान उलगडलंस. ही उपमा पकडून ठेव. धुकं येतं तेव्हा माणसाचं स्वतःच्या घरावरही काही चालत नाही, हे पुढे लिही.

आणि चौदा नंबर सोडून दे. त्यावर काही लिहू नकोस.

पुस्तक वाच, बये.

ऑड्री आत्याआजी

*

कीघली, १४ मार्च

प्रिय आत्याआजी,

डोरीनकाकूंना कशाला वाचून दाखवलंस? आता मी तिकडे कुठल्या तोंडाने येऊ?

बरं, कबूल. नाही वाचलं. पण वर्गात कुणीच वाचलेलं नाही, शपथ. सगळ्यांकडे कागद आहे. थोडं वर्गात वाचलं, बाकीचं सिनेमात बघितलं, त्यात जोनास नव्हताच.

पण चौदा नंबर का सोडू? माझा तर गोंधळ वाढलाय. सर म्हणतात अख्ख्या पुस्तकाची किल्ली तिथेच आहे. 'कुजला होता तो दोर; हात नव्हे.' सरांनी ते पाटीवर रंगवून फळ्याच्या वर लावलंय, मी शाळेत आले तेव्हापासून तिथेच आहे. ते म्हणतात, बघा, अ‍ॅम्ब्रोजचं काम काय, धुकं पडलं की घंटा वाजवायची, म्हणजे ओहोटीच्या वाळूतून चालत येणाऱ्यांना किनारा कळतो. त्या दिवशी घंटा वाजली नाही आणि सख्खा भाऊ बुडाला. सगळा गाव अ‍ॅम्ब्रोजला खुनी म्हणतो. आणि मग हे एक वाक्य येतं आणि त्याला सोडवतं. घंटेचा दोर म्हणजे नशीब, हात म्हणजे इच्छा, दोन्ही समोरासमोर ठेवलेत. सरांचा आवाज तिथे दरवर्षी बदलतो, असं वरच्या वर्गातली मुलं म्हणतात.

या वेळी तर त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांचे वडील दगडाच्या खाणीत क्रेन चालवायचे. सर पंधरा वर्षांचे असताना शिळा निसटली आणि वडिलांचा दोस्त कॉलिन खाली सापडून गेला. चौकशीत कुणाचा दोष ठरला नाही, पण लोकांनी वडिलांशी बोलणं टाकलं. घरात कुणी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. 'आणि त्या वर्षी बॅराक्लफ बाईंनी मला हे वाक्य दिलं,' असं म्हणाले (म्हणजे तूच!) आणि पाटीकडे बोट केलं. मागच्या बाकावरच्या गधड्या केल्विननेसुद्धा ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

आणि तू म्हणतेस सोडून दे. बाबा म्हणाले, ती चौऱ्याऐंशीची आहे, दुसऱ्या कुठल्या पुस्तकाशी घोटाळा झाला असेल तिचा, मनावर घेऊ नकोस. तसंच आहे का? रागावू नकोस हं. माझा नवा निबंध पूर्ण चौदा नंबरवरच उभा आहे.

टॅमसिन

*

अर्नसाइड, २० मार्च

टॅमसिन,

तुझ्या बाबाला, कीथला सांग, माझं डोकं ठिकाणावर आहे. मागच्या ख्रिसमसला गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये कुणी ठेवल्या होत्या ते त्याने आधी आठवावं.

तुझे ड्यूहर्स्ट सर म्हणजे नील का? पुढचा दात जरासा तुटलेला? तो शिक्षक झाला हे मला माहीत होतं, पण आपल्या शाळेत आहे हे कुणी बोललं नाही. मीही कधी विचारलं नाही. पाटी केवढी आहे? किती वर्षांपासून आहे?

मला सर्दी झालीय, फार लिहवत नाही. दुसरं प्रकरण वाच. सावकाश वाच, मंगळवारच्या बाजाराचं वर्णन कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नकोस.

ऑड्री

*

कीघली, ११ एप्रिल

आत्याआजी,

तू तीन आठवडे गप्प आहेस आणि इथे काय होऊन बसलंय!

मी पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, दोनदा. पहिल्यांदा नुसती वाचत गेले आणि तिसऱ्या प्रकरणात रडले, मार्टिनची टोपी मिळते तिथे. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, कारण मला चौदा नंबर सापडतच नव्हता. वाटलं माझीच नजर चुकतेय. मग एकेका ओळीवर पट्टी ठेवून बघितलं. नाही. मग वाटलं आपली आवृत्ती कापलेली असेल. लायब्ररीतून जुनी आणली. तिच्यातही नाही.

आणि दुसऱ्या प्रकरणात अ‍ॅम्ब्रोज बाजारात जाऊन नवाकोरा दोर विकत घेतो! तागाचा. दुकानदार त्याला दोन्ही हातांनी ओढून दाखवतो. तो घरी येऊन जुना सोडवतो, नवा बांधतो, एकदा घंटा वाजवून बघतो. ते मंगळवारी. आणि धुकं शनिवारी पडतं. चार दिवसांत दोर कसा कुजेल?

माझं डोकं गरगरायला लागलं. कुणाला विचारणार? मी सरळ वर्गात हात वर केला. म्हटलं, सर, दोर तर नवा होता. आणि ते वाक्य पुस्तकात नाहीये.

सगळे हसले. केल्विन म्हणाला, बघा, हिने पुस्तक वाचलं, हिला ताप आलाय. सर पण हसले आधी. 'कितवं पान?' म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी पुस्तक उघडलं, वाचलं, पान उलटलं, परत मागे आले. आत्याआजी, मी कधी कुठल्या मोठ्या माणसाचा चेहरा असा झालेला बघितला नव्हता. 'बस खाली,' एवढंच म्हणाले. घंटा व्हायला वीस मिनिटं होती, पण ते वर्गातून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. आज शाळेला ईस्टरची सुट्टी लागली आणि ते अजून आलेले नाहीत.

मुलं म्हणतात मी सरांना मारलं. परीक्षेला एक महिना उरलाय आणि शिकवायला कुणी नाही.

कागदावर ए. बी. आहे. ती तूच आहेस. तुला माहीत होतं. 'चौदा सोडून दे' म्हणालीस, पण का ते नाही सांगितलंस, आणि मला एकटीला पुढे पाठवलंस. का? मला खरंच कळत नाहीये की मी बरोबर केलं की भयंकर काहीतरी केलं.

टॅमसिन

*

अर्नसाइड, १५ एप्रिल

टॅमे, बाळ,

तू बरोबर केलंस. भयंकर जे केलं ते मी केलं. तुझा राग योग्य आहे, तो मला कर, स्वतःला करू नकोस.

ऐक. मी दरवर्षी वीस वाक्यं द्यायचे. एकोणीस खरी आणि एक माझं, दर वर्षी वेगळं. पोरं पुस्तक न वाचता कागद घोकतात हे तेव्हाही तसंच होतं. म्हणून ते चोरवाक्य. पुस्तकाशी न जुळणारं, पण ऐकायला झकास. जो वाचेल त्याला ते खटकणार. मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी मी वर्गात पुदिन्याच्या गोळ्यांची पिशवी घेऊन जायचे आणि विचारायचे, चोर सापडला का? ज्याला सापडला त्याला अख्खी पिशवी. कुणालाच नाही सापडला तर मी फोडून सांगायचे आणि गोळ्या स्वतः खायचे, त्यांच्यासमोर, एकेक करून. बहुतेक वर्षी मीच खाल्ल्या.

१९९६ साली चोरवाक्य होतं, 'कुजला होता तो दोर; हात नव्हे.' त्या मार्चमध्ये मी शाळेच्या जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि परत शाळेत गेलेच नाही. माझं टेबल दुसऱ्या कुणी आवरलं. तो कागद तसाच पुढे चालू राहिला असेल. कुणीतरी टाइप केला, कुणीतरी त्याच्या प्रती काढल्या. फोड करून सांगायची राहिली ती राहिलीच.

तू कागद पाठवलास तेव्हा मी चौदा नंबर बघितला आणि कागद उलटा करून ठेवला. एकोणतीस वर्षांतली सगळी पोरं! वाटलं, तुझ्यापुरतं ते वाक्य बाजूला केलं की झालं, कुणाला काही कळायला नको. म्हातारपणी लाज जरा जास्तच वाटते.

आता तुझ्या परीक्षेचं. जुना निबंध फाडून टाक. अ‍ॅम्ब्रोजने घंटा का वाजवली नाही हे लेखिकेने कुठेच सांगितलेलं नाही. जोनास शेवटच्या पानावर विचारतो आणि अ‍ॅम्ब्रोज उत्तराऐवजी कप मांडतो. त्या न सांगण्यावर लिही. रोज एक पान लिहून मला धाड, मी तपासते. नीलची जागा मी घेतेय असं समज.

ऑड्री आत्याआजी

*

कीघली, २३ एप्रिल

आदरणीय बॅराक्लफ बाई,

तुम्हाला मी आठवत असेन की नाही, ठाऊक नाही. टॅमसिनने तुमचं पत्र मला आणून दाखवलं. दारात उभी राहून रडत होती. मी तिला सांगितलं की इतक्या वर्षांत वर्गात पुस्तक वाचून आलेली ती पहिलीच. सोमवारपासून मी शाळेत परत जातोय, तेव्हा तिच्या अभ्यासाची काळजी करू नका. पण रोजचं पान तिला तुमच्याकडे पाठवू द्या.

मी माफी मागायला लिहीत नाही आणि तुम्ही मागावी म्हणूनही नाही. मला फक्त समजत नाहीये. मी हे पुस्तक चाळीसएक वेळा वाचलंय, बाई. विद्यापीठात वाचलं, दरवर्षी शिकवताना वाचलं. चौदा नंबर पुस्तकात नाही, हे मला कधी दिसलंच नाही. मला वाटायचं, असेल पाचव्यात, नाही तर सातव्यात. आणि नवा दोर! तो मला दरवेळी दिसायचा. दरवेळी मी मनात म्हणायचो, खाऱ्या हवेत नवा दोरही कुजतो. चार दिवसांत! मुलांना मी शिकवतो की पुरावा द्या, शब्दावर बोट ठेवा. मी स्वतः मात्र एका वाक्यासाठी अख्खं प्रकरण गिळत आलो. मला तो दोर कुजलेलाच हवा होता.

माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. दर रविवारी मी जेवायला जातो. क्रिकेट, बटाटे, शेजारचं मांजर, सगळं बोलतो. खाणीबद्दल मी त्यांना कधीही काही विचारलेलं नाही. विचारायची गरज वाटली नाही, कारण माझ्याकडे उत्तर होतं. तुमचं वाक्य होतं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तुम्ही टॅमसिनला लिहिलंय की पडलात म्हणून सांगायचं राहिलं. तुम्ही पडलात तो सोमवार होता, ११ मार्च. मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी आम्हाला लवकर घरी सोडलं. आणि शुक्रवार, ८ मार्चला तुम्ही वर्गात होतात. टेबलावर एक कागदी पिशवी होती. तुम्ही बाकांमधून फिरलात, माझ्यापाशी थांबलात. मग परत जाऊन ती पिशवी पर्समध्ये टाकलीत आणि आम्हाला उपमा शिकवायला लागलात, ज्या आम्ही आधीच शिकलो होतो. मला तेव्हाही ते विचित्र वाटलं होतं.

त्या पिशवीत गोळ्या होत्या का?

तुमचा विद्यार्थी,
नील ड्यूहर्स्ट

*

अर्नसाइड, २८ एप्रिल

प्रिय नील,

आठवतोस. दुसऱ्या रांगेत, भिंतीकडे. स्वेटरची बाही नेहमी चघळलेली.

हो, गोळ्या होत्या.

हे पत्र मी पाच वेळा सुरू केलं. टॅमसिनला मी खुब्याचं सांगितलं ते खरंच आहे, पण ते सोमवारचं. ते पुढे करून मी शुक्रवार झाकला. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले, आणि आता खरं काय आणि सांगून सांगून खरं झालेलं काय, याचा माझा मलाच मेळ लागत नव्हता. तुझ्या पत्राने लागला.

तो कागद मी जानेवारीत केला. वाक्य सुचलं तेव्हा तुझ्या वडिलांचं माझ्या मनात होतं का? मी खूप आठवून पाहिलं. सप्टेंबरात सगळ्या पेपरात तेच होतं, तेव्हा असेलही. पण तुझ्यासाठी म्हणून मी ते लिहिलं नव्हतं. ते चोरवाक्यच होतं. हे तुला कडू लागेल, पण खोटं बोलायचे दिवस संपले.

त्या शुक्रवारी मी पिशवी घेऊन आले. 'चोर सापडला का' हे शब्द अगदी ओठावर होते. बाकांमधून फिरताना तुझी वही दिसली. पुठ्ठ्यावर तू ते वाक्य कोरलं होतंस, शाईने, इतक्यांदा गिरवून की पुठ्ठा फाटायला आला होता. खाली लिहिलं होतंस, 'बाबा'.

माझा धीरच झाला नाही, नील. तीस पोरांसमोर मी म्हणणार होते की हे खोटं आहे, मी तुम्हाला फसवलं, हा हा, घ्या गोळ्या. म्हटलं, सोमवारी बघू. त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगू. सोमवारी मी पडले. पण दवाखान्यातून पत्र लिहिता आलं असतं. घरी आल्यावर सहा महिने मी रिकामीच बसले होते. त्यानंतर एकोणतीस वर्षं होती. टपालाची पेटी माझ्या फाटकासमोर आहे.

मला वाटत राहिलं की मी दया करतेय. पोराला आधार मिळालाय, तो कशाला काढून घ्या. त्या वाक्याने तुझ्या घरातलं एक दार बंद केलं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ते वाचल्यापासून मला काही सुचत नाहीये.

सव्वीस वर्षं मी मुलांना विचारलं, अ‍ॅम्ब्रोजने घंटा का वाजवली नसेल? निबंध तपासले, मार्क दिले. कुणी लिहायचं मत्सर, कुणी लिहायचं झोप लागली असेल. दया म्हणून वाजवली नसेल, असं कुणी लिहिलं असतं तर मी लाल पेनने काट मारली असती.

दोर नवा होता, नील. घंटा मी वाजवली नाही.

ऑड्री बॅराक्लफ

*

कीघली, १३ मे

प्रिय आत्याआजी,

झाली परीक्षा! प्रश्न आला, 'अ‍ॅम्ब्रोजबद्दल वाचकाला काय वाटावं अशी लेखिकेची इच्छा आहे?' मी पाच पानं लिहिली. धुकं घेतलं, नवा दोर घेतला, कप घेतले. आणि शेवटी लिहिलं की तिला आपल्याला काही ठरवूच द्यायचं नाहीये. जोनास फार उशिरा विचारतो, पाच महिन्यांनी, आणि तोवर उत्तर द्यायची अ‍ॅम्ब्रोजची सवय मोडलेली असते. म्हणून दोष एकट्या अ‍ॅम्ब्रोजचा नाही, न विचारणाऱ्या सगळ्या गावाचा आहे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बरोबर आहे की नाही, काही कल्पना नाही. बाहेर आल्यावर केल्विन म्हणाला, त्याने कुत्र्यावर लिहिलं. त्याला कुत्र्याचं मीच सांगितलं होतं, फेब्रुवारीत. मला फार वाईट वाटतंय.

सरांनी पाटी उतरवली नाही. सोमवारी आल्या आल्या वर्गाला सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन, पण वाईट वाटेल असं नाही. मग तिच्याखाली खडूने लिहिलं, 'हे पुस्तकात नाही.' आणि मला गोळ्यांची पिशवी दिली. अख्खी! मी वाटल्या, पण सहा तुझ्यासाठी ठेवल्यात.

सर आता बरे आहेत. पण कधीकधी बोलता बोलता मध्येच थांबतात आणि कुठे होते तेच विसरतात. तू त्यांना काय लिहिलंस ते मी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं का?

तुझी,
टॅमसिन

*

कीघली, २४ ऑगस्ट

प्रिय बाई,

टॅमसिनने कळवलंच असेल, तिला आठ मिळाले. स्किप्टनला तिची जागा पक्की झाली. केल्विन पास झाला, कुत्र्यासकट, कसा ते देव जाणे.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला चार महिने लागले. मेमध्ये मी तुमच्यावर इतका चिडलो होतो की तीन पत्रं लिहून चुलीत घातली. मग चिडणं संपलं आणि नुसता गोंधळ उरला. प्रत्येक रविवारी ठरवून जायचो, की आज विचारायचं. आणि बटाट्यांवर बोलून परत यायचो.

आज विचारलं. ते परसातल्या मळ्यात वाटाण्याचे वेल काढत होते. म्हटलं, बाबा, त्या दिवशी खाणीत काय झालं होतं?

ते खाली बादलीवर बसले. म्हणाले, आदल्या दिवशीच क्रेनचा ब्रेक घसरताना त्यांना जाणवलं होतं. कॉलिनला सांगितलं, तो म्हणाला, सोमवारी बघू रे, आज कशाला काम थांबवतोस. दोघांनी मिळून कुणाला काही कळवलं नाही. चौकशीत त्यांनी हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मेलेल्या माणसाचाही दोष ठरला असता आणि कॉलिनच्या बायकोचे भरपाईचे पैसे बुडाले असते. लोकांनी तोंड फिरवलं ते त्यांनी सोसलं.

मी विचारलं, मग आम्हाला तरी का नाही सांगितलंत? त्यांनी हातावरची माती पुसली. त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा, असं वाटलं मला. मग म्हणाले, "अरे, तुम्ही कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, तुम्हाला माझं तोंड बघवत नसेल. तीस वर्षं वाट बघितली मी, तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल म्हणून."

बाई, मी तुम्हाला माफ केलं की नाही, ते मला अजून नीट कळत नाही. कळलं की सांगेन. पण ते वाक्य नसतं तर पंधराव्या वर्षी मी पुस्तक खाली ठेवलं असतं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकदम खरं आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला येत नाही. पुढच्या महिन्यात वडिलांना घेऊन अर्नसाइडला येऊ का? त्यांना समुद्र बघायचाय, आणि तुम्हाला भेटायचंही आहे.

मळ्यातून आत आलो तेव्हा ते दमले होते. मी किटली ठेवली, दोन कप मांडले, आणि दोन्हींत चहा ओतला.

तुमचा,
नील